काकू विरुद्ध कंटेनर

काकू हयात आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा लेखांतली माणसं बहुतेक वेळा गेलेली असतात आणि वाचणारे पहिल्या ओळीपासून चेहरा पाडून बसतात. काकू साउथहॅम्प्टनला त्यांच्या त्याच घरात आहेत आणि या क्षणी बहुधा कोणाला तरी, त्याचं कसं चुकतंय, ते समजावून सांगत आहेत.

लंडनला येण्याआधी मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होते. वरची मागची खोली होती, खिडकीतून बंदरातल्या उंच क्रेन दिसायच्या. माझी पहिलीच नोकरी. मी पुण्याची, इंग्रजी शाळेतली, चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की वाक्य आधी मनात लिहून बघणारी. काकूंना असल्या सरावाची गरज कधी पडली नाही. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी चहा पुढे केला आणि विचारलं,

"नोकरी कुठे?"

"एका चॅरिटीत. आफ्रिकेत मदत पाठवतो आम्ही. मी फंडिंगचे अर्ज लिहिते."

काकूंनी स्वतःचा कप खाली ठेवला. "म्हणजे अन्नछत्रात."

"तसं नाही, म्हणजे..."

"पगार फुकट घेतेस की काम करून?"

"काम करून."

"मग ठीक आहे. राहा."

त्या दिवसापासून माझं ऑफिस म्हणजे अन्नछत्र. 'आज अन्नछत्राला सुट्टी वाटतं?' 'अन्नछत्रात ख्रिसमस पार्टी असते का गं? आणि तिथे जेवायला कोण घालतं?' शेजारच्या इंग्लिश बाईंना त्यांनी माझी ओळख करून दिली, "शी वर्क्स इन अ सूप किचन. फॉर अ होल कॉन्टिनेंट." त्या बाई अजून मला भेटल्या की हात हातात घेऊन थँक यू म्हणतात.

काकूंचे मिस्टर डॉक्टर होते. इंग्लंडला येण्याआधी ते दोघं झांबियात होते, तांब्याच्या खाणींच्या भागात, कित्वे नावाच्या गावात, खाणीच्या हॉस्पिटलात. काकूंनी अर्थशास्त्रात एम.ए. केलं होतं, पुढे इथल्या शाळेत तो विषय रिटायर होईपर्यंत शिकवला. पण खरं अर्थशास्त्र आपण कित्वेच्या रांगांत शिकलो असं त्यांचं म्हणणं. त्या काळी तिथल्या सरकारने सगळ्याच्या किमती बांधून दिल्या होत्या. तेल, साबण, साखर, मक्याचं पीठ. "किंमत फार सुरेख होती," काकू सांगत. "दुकानाच्या भिंतीवर रंगवलेली. तेल तेवढं नव्हतं." रांग दिसली की उभं राहायचं, पुढे काय मिळतंय ते नंतर विचारायचं. एकदा असं तासन्‌तास उभं राहून त्यांच्या वाट्याला गमबूट आले, दोन्ही डाव्या पायाचे. त्यांनी ते घेतले. पुढे कधीतरी दुसऱ्या रांगेत दोन्ही उजवे बूट मिळालेली बाई त्यांना भेटली. "सरकारने वेगळे केले, बाजाराने जोडी लावली." यातलं खरं किती ते मला माहीत नाही. गोष्ट इतकी चांगली होती की मी खोलात गेले नाही.

शेतकऱ्याने मका फक्त सरकारी बोर्डाला विकायचा, बोर्ड देईल त्या भावाने, असाही तिथे नियम होता. बोर्डाची लॉरी येईपर्यंत पाऊस येऊन गेलेला असे आणि पोत्यांच्या शिवणीतून हिरवे कोंब डोकावत असत. तेव्हापासून 'बोर्डवाला' ही काकूंची सगळ्यात वाईट शिवी. कौन्सिलचा पार्किंगवाला बोर्डवाला, ब्रॉडबँड कंपनी बोर्डवाली, इथल्या मराठी मंडळाचे खजिनदार तर जन्मजात बोर्डवाले.

त्यांचं एकूण म्हणणं सरळ होतं. आफ्रिकेतला माणूस तुमच्याआमच्याइतकाच हुशार आहे, त्याला धंदा करू द्या. सीमेवर त्याचा ट्रक दिवसेंदिवस अडवून ठेवू नका. त्याच्या जमिनीचा कागद त्याच्या नावावर करा, म्हणजे बँकेत त्याला उभं करतील. आणि त्याच्या दुकानासमोर बसून फुकट वाटू नका. मोबाइल हा त्यांचा लाडका पुरावा. "कोणत्या चॅरिटीने वाटले गं मोबाइल? रस्त्यात छत्री लावून एक बाई बसते. तिच्याकडे पैसे भरले की मोबाइलवरून गावाला आईला पोचतात. हे बँकेवाल्यांना सुचलं होतं? की तुमच्या अन्नछत्राला?" टीव्हीवर रडणाऱ्या मुलाची, दर महिन्याला अमुक पौंड द्या अशी जाहिरात लागली की त्या सोफ्यावरून पुढे सरकत. "याचा बाप कुठेय? दाखवा ना बाप. बाप काय विकतो ते सांगा. मी त्याच्याकडून घेते."

एकदा त्यांनी आमच्या मच्छरदाण्यांवर तोंडसुख घेतलं. फुकट मच्छरदाणी वाटली की गावातल्या मच्छरदाणीवाल्याचा धंदा बसतो, वगैरे. उत्तर मला सुचलं ते नंतर, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. ते मी आठवडाभर जपून ठेवलं आणि काकू भांडी पुसत असताना त्यांच्या पाठीला सांगितलं, "पण काकू, दुकान उघडेपर्यंत मच्छर थांबत नाही ना."

त्या वळल्या. मला वाटलं, आता खोली गेली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मच्छरदाणी तुझी, लस तुझी. मान्य. बाकी काही मान्य नाही." मग फडका माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुझी गंमत आहे. मराठीत तुला भांडता येत नाही, आणि इंग्रजीत येतं तर तू भांडत नाहीस."

फुकटच्या बाबतीत मात्र त्या स्वतःलाही सोडत नसत. इथे म्हाताऱ्या माणसांना बसचा पास फुकट मिळतो. काकूंचा पास फ्रिजवर मॅग्नेटखाली होता, आणि काकू बसमध्ये तिकीट काढत. त्या मार्गावरचे ड्रायव्हर त्यांना ओळखून होते. एक बिचारा दरवेळी विनवायचा, "लव्ह, तुमच्याकडे पास आहे, मला माहितेय." काकू म्हणायच्या, "मलाही माहितेय. माझं तिकीट तू का भरायचंस?" मागे अख्खी रांग पावसात उभी. मी त्यांच्यासोबत असले की शेवटून चढायची आणि दोन सीट सोडून बसायची. सुपरमार्केटमध्ये टूथपिकवर चीजचा तुकडा घेऊन उभ्या असलेल्या मुलीला त्या आधी किंमत विचारत आणि मग, "खाऊन आवडलं आणि नाही घेतलं, तर तुला वाईट वाटेल, मला वाईट वाटेल, चीज तेवढं खूश," असं म्हणून पुढे जात. फक्त एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी फुकट दवाखान्यांचा, विषय निघाला की त्या पडदे सारखे करायला उठत. इंग्लंडला आल्यावर मिस्टरांनी सगळी नोकरी तिथेच केली होती. "त्याच्याबद्दल मी नंतर बोलेन," असं त्या म्हणायच्या. ते नंतर कधी आलं नाही.

मंडळात त्यांचं कोणाशी धड नव्हतं. गणपतीत पहिल्या आरतीचा मान लिलावाने द्यावा असं त्यांनी सुचवलं होतं. ("आपल्या गावाकडे प्रसादाच्या नारळाचा लिलाव होतो तो चालतो का?") संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर त्यांनी मिळालेलं वाण सगळ्यांदेखत उलटं करून बघितलं. प्लास्टिकची साबणदाणी होती. "ही मीच वाटलेली आहे," त्या म्हणाल्या. "हा बघा, माझ्याच सुरीचा चरा. चार घरं फिरून परत आली." बायका हसल्या. पण काकूंचं झालं नव्हतं. "हीच तुमची आफ्रिकेची मदत. कोणालाच नको असते, पण हात पुढे करून घ्यावी लागते. नाही म्हणायची सोय नाही, ती कसली भेट?" साबणदाणी देणारी बाई रडकुंडीला आली. ती मंडळाच्या सेक्रेटरींची सून होती.

असं करत करत साउथहॅम्प्टनमधली सगळी मराठी दारं त्यांना बंद झाली होती. एक उरलं होतं, मावशींचं.

मावशी म्हणजे काकूंची इंग्लंडातली पहिली मैत्रीण. त्यांचे यजमान सर्जन होते, ते जाऊन काही वर्षं झाली होती. काकूंच्या अगदी उलट, हळू बोलणाऱ्या, कोणाला न दुखवणाऱ्या. दर रविवारी काकू त्यांच्याकडे जेवायला जात, बहुतेक वेळा मलाही नेत. काकू बोलत, मावशी वाढत. मधूनच मावशी म्हणत, "अगं, जरा श्वास घे, आमटी गार होते." काकूंना असं सांगू शकणारी ती एकच व्यक्ती मी पाहिली.

आणि मंडळाचा कंटेनर मावशीच भरत.

दिवाळीची साफसफाई झाली की आसपासची मराठी घरं जुने कपडे मावशींच्या गॅरेजमध्ये आणून टाकत. तिथे त्यांच्या घड्या होत, खोकी बांधली जात, आणि एका कंटेनरमधून ती बंदरातून निघून कित्वेतल्या एका चर्चकडे जात. चर्चचा पत्ता खुद्द काकूंच्या मिस्टरांनी दिलेला. "गरजूंसाठी" असं प्रत्येक खोक्यावर मावशी स्वतः स्केचपेनने लिहीत, इंग्रजीत आणि मराठीत. मराठी कशाला, असं त्यांना कोणी विचारलं नाही.

काकूंचा या कंटेनरला कडवा विरोध. त्याचं कारण एक शिंपी होता. कित्वेत असताना त्यांच्या ब्लाउजपासून मिस्टरांच्या पँटींपर्यंत सगळं तो शिवायचा. पुढे तिथल्या बाजारात परदेशी जुन्या कपड्यांचे गठ्ठे यायला लागले आणि त्याचं मशीन बंद पडलं, असं काकूंना कोणीतरी कळवलं होतं. म्हणून दर दिवाळीला त्या रेनकोट घालून मावशींच्या गॅरेजच्या तोंडाशी उभ्या राहत आणि गाड्या अडवत.

"काय आणलंय?"

"स्वेटर आहेत काकू, मुलांचे."

"परत न्या. तिथे विणणाऱ्या बायका आहेत."

आतून मावशी ओरडत, "येऊ दे गं त्यांना!" गाडी आत यायची. काकू बाजूला व्हायच्या आणि पुढच्या गाडीची वाट बघायच्या. दुपारी दोघी एकत्र जेवायच्या. हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मंडळाने काकूंना व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढलं, मावशींनी जेवायला बोलावणं थांबवलं नाही.

मी तिथे असतानाच्या दुसऱ्या दिवाळीला मात्र ते गमतीवारी राहिलं नाही. त्या रविवारी मावशी वाढता वाढता म्हणाल्या, "यंदा ह्यांचे सूट द्यायचं ठरवलंय."

काकूंचा घास हातातच राहिला. मावशींच्या यजमानांना कपड्यांची भारी हौस होती. लंडनला जाऊन मापं देऊन सूट शिवून घेत. ऑपरेशन थिएटरमध्ये जायचं असलं तरी घरून निघताना टाय. ते गेल्यापासून वरच्या खोलीतलं कपाट मावशींनी उघडलेलंच नव्हतं, हे मला काकूंनी फार आधी सांगितलं होतं.

"एखाद्या गरीब शाळामास्तराला मिळतील," मावशी म्हणाल्या. "ह्यांच्या नावाने. तेवढंच."

 घरी आल्या आल्या काकू मला म्हणाल्या, "त्या शिंप्याचं कोणीतरी शोधून काढ. तुझं फेसबुकबिसबुक कशासाठी आहे? मावशीला मी त्याच्या तोंडूनच ऐकवते. एवढे सूट तिथे गेले तर उरलेसुरले शिंपीही बसतील."

शोधायला फार वेळ लागला नाही. चर्चच्या पानावर विचारलं, आणि शिंप्याच्या मुलीचा, ग्रेसचा, नंबर आला. तिला व्हिडिओ कॉल लावला. काकू चष्मा पुसून, केस सारखे करून, पुराव्याच्या तयारीत बसल्या. मी शेजारी. समोर एक धिप्पाड हसरी बाई, मागे शर्टांचा डोंगर, आणि त्या डोंगरात हात घालणारी माणसं.

काकूंना तिने लगेच ओळखलं. "मॅडम! बाबा नेहमी सांगायचे. ब्लाउज घट्ट म्हणून परत पाठवणाऱ्या मॅडम!"

"तुझे बाबा फार चांगले कारागीर होते," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "या जुन्या कपड्यांनी त्यांचा धंदा बसला, ते मला माझ्या मैत्रिणीला..."

"कोण म्हणालं? बाबांचे डोळे गेले, म्हणून मशीन बंद झालं. मग त्याच जागेवर मी गठ्ठे फोडायला लागले." तिने फोन फिरवून दाखवला. "सलाउला म्हणतात याला. ढिगातून उपसून घ्यायचं. माझ्या हाताखाली दोन मुली आहेत. एक नुसती बटणं लावते."

काकू सावरून बसल्या. "पण आमच्याकडून चर्चला येतं, ते गरजूंना..."

"तुमचा कंटेनर? अहो, त्यातलं हवं ते चर्चच्या बायका काढून घेतात, उरलेलं आम्हाला विकतात. चर्चचं छप्पर त्यातूनच झालं. मॅडम, इंग्लंडमधल्या इंडियन लोकांचा माल आला की आमच्यात भांडणं होतात. तुम्ही लोक कपडे वापरतच नाही, नुसते कपाटात ठेवता! एकदा एक पिवळं रेशमी कापड आलं, लांबच लांब, सोन्याचे काठ. मी त्याचे पडदे केले. हॉटेलवाल्याने उभ्याउभ्या नेले."

ती सेक्रेटरींच्या घरची पैठणी असणार. काकूंच्या चेहऱ्यावर एक क्षणभर निव्वळ आनंद पसरला. मग त्या पुन्हा गंभीर झाल्या. "मी तो कंटेनर बंद करायचा म्हणते आहे. तिथल्या शिंप्यांसाठी."

ग्रेसचं हसू थांबलं. "बंद? मॅडम, इथले मोठे कापडवालेही हेच म्हणतात. जुन्या कपड्यांवर बंदी घाला म्हणून सरकारकडे जातात. तुम्ही त्यांच्यातल्या का?"

तेवढ्यात तिकडे कोणीतरी शर्टाचा भाव विचारला, ग्रेस त्याच्याशी भांडायला वळली आणि कॉल तुटला.

काकूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इतकी वर्षं रेनकोट घालून मी गाड्या अडवते आहे," त्या म्हणाल्या. "सीमेवरचा तो ट्रक अडवणारा शिपाई, तो आणि मी यात काय फरक गं? मीच बोर्डवाली."

मला हसू येत होतं, पण हसण्यासारखं तोंड त्यांचं नव्हतं. आणि पुढचा प्रश्न त्याहून वाईट होता. मावशी सूट देत होत्या ते कोणा मास्तराला भेट म्हणून. ते ढिगात जाणार, माणसं ते उपसणार, हे आता काकूंना माहीत होतं. कसं कोण जाणे, सेक्रेटरींनाही कळलं (काकूंनी त्यांना पडद्यांची बातमी द्यायला फोन केला होता, त्यातूनच कळलं असणार). त्यांचा उलट फोन आला. "काकू, हात जोडतो. मावशींना यातलं एक अक्षर बोलू नका. त्यांना ते सहन व्हायचं नाही. कपाट उघडलंय हेच खूप आहे."

"तू काय म्हणतेस?" काकूंनी मला विचारलं.

मी वाक्य मनात लिहून बघितलं. "सांगू नका. हे एकच घर उरलंय तुमचं."

"हं. तुमच्या अन्नछत्रात असंच करतात ना? देणाऱ्याला बरं वाटेल तेवढंच कळवायचं."

ते लागलं, कारण माझी नोकरी नेमकी तीच होती. अर्जांच्या जोडीने देणगीदारांना पाठवायचे अहवालही मीच लिहायचे, आणि त्यांत कोणी कधी काही विकत नसे.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. जेवणाआधी मावशींनी आम्हाला वर नेलं. पलंगावर सूट मांडले होते, करडे, तपकिरी, एक बारीक रेघांचा. मावशी प्रत्येकाचे खिसे तपासत होत्या. सगळ्यांत पेपरमिंटच्या गोळ्यांचे कागद निघत होते आणि त्या ते मुठीत धरून ठेवत होत्या. टाकत नव्हत्या. मला वाटलं, काकू हे बघतील आणि गप्प बसतील.

"हे मास्तराला मिळणार नाहीत," काकू म्हणाल्या. उभ्या उभ्याच, दारातून. "बाजारात विकले जातील. ढिगात. आजपर्यंत आपण पाठवलेलं सगळं विकलंच गेलंय. मी बोलले तिथल्या विकणारीशी. तुला न सांगता पाठवू देणं मला जमलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही जमत."

मावशी पलंगावर बसल्या. बाहेर कुठल्यातरी क्रूझचा भोंगा वाजला.

"विकले जातील," मावशी म्हणाल्या. "म्हणजे कोणीतरी पैसे देऊन घेईल?"

"हो."

"निवडून?"

"निवडून. घासाघीस करून. नको असला तर ठेवून जाईल."

"अंगाला लावून बघेल?"

"ग्रेसकडे आरसा असेलच."

मावशी उठल्या आणि कपाटाकडे गेल्या. अगदी आतून, कव्हरमधला एक सूट त्यांनी बाहेर काढला. गडद निळा. "हा द्यायचा नव्हता," त्या म्हणाल्या. "फुकट द्यायला जीव होत नव्हता. ह्यांना कोणी काही नुसतं हातात ठेवलेलं आवडायचं नाही. दुकानात तास तास आरशासमोर. इकडून बघ, तिकडून बघ. मी वैतागून खुर्चीत." त्यांनी कॉलरवरून हात फिरवला. "असा बघून कोणी घेणार असेल तर हा जाऊ दे."

काकू पलंगाच्या कडेला टेकल्या. आपल्याला घराबाहेर काढतील असंच त्यांना वाटलं असावं.

"पण तिला सांग," मावशी पुढे म्हणाल्या, "हा पन्नास पौंडांच्या खाली द्यायचा नाही."

काकूंनी तोंड उघडलं. मला ते सगळं ऐकू आलं, भिंतीवर रंगवलेल्या किमती, तेल नसलेली दुकानं, किंमत बांधून घालणारे सगळे बोर्डवाले. मग त्यांनी मावशींकडे बघितलं आणि तोंड मिटलं. फोन काढला, एका बोटाने सावकाश टाइप केलं, पाठवलं.

ग्रेसचं उत्तर लगेच आलं. मी शेजारी होते, मला ते दिसलं. तिने लिहिलं होतं: मॅडम, पन्नास पौंडात इथे नवा सूट येतो, आणि आतला माणूसही.

काकूंचे खांदे हलायला लागले. त्यांनी खोकल्याचं सोंग केलं, ते चांगलं वठलं नाही.

"काय म्हणते?" मावशींनी विचारलं.

"म्हणते..." काकूंनी नाक पुसलं. "म्हणते, सध्या तेजी आहे. बघते."

मावशी काकूंना फार चांगल्या ओळखतात. मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. "तू वाचलंस ना गं? काय लिहिलंय?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. या वेळी वाक्य मनात लिहून बघायला वेळ नव्हता.

"तेजी आहे मावशी," मी म्हणाले. "जोरात."

मावशींनी मान हलवली, निळा सूट पलंगावर पसरला आणि त्याचा वेस्टकोट काढून बाजूला ठेवला.

"मग हा वेगळा विकायला सांग," त्या काकूंना म्हणाल्या. "एकत्र दिला तर सुटाबरोबर फुकट जाईल."